तोंडातून आलेलं पहिलं नाव

ये गं भाचे, हा कागद घेऊन अशी उजेडाला बस, मी समोर आहे असं समज. वारज्याहून शनिवार पेठेत यायला बैलगाडीला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, आणि तुला संक्रांतीपासून सवड नाही. मावशीला अर्धांगवायू झाला हे लोकांकडून ऐकलंस, आता माझ्याकडून ऐक. डाव्या हाताने लिहितेय, ओळी वाकड्या जातील.

माघातली सकाळ. ताक घुसळत होते. श्रीमंतांच्या वाड्यावरचा चौघडा एकाएकी पाण्याखालून आल्यासारखा वाटायला लागला. रवीची दोरी उजव्या हातातून सुटली आणि हात माझा राहिलाच नाही. दुखलं काही नाही गं. नुसतं हलकं, धुक्यातून वाहत गेल्यासारखं. डोळे उघडले तर मला खाली दर्भावर घेतलेलं, आणि सासूबाई तोंडात गंगा घालताहेत. मी आहे, मी आहे, असं सांगायचं होतं. गंगाच घशात अडकली, ठसका लागला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं.

वैद्यबुवा आले. म्हणाले, "पोचवायची एवढी घाई? निदान तिला विचारायचं तरी."

त्यांच्या पडवीत नेऊन ठेवलं मला. तिथे चार आजारी आणि तेलाचं मडकं एकच. ते तळाला गेलं की नदीकाठची निर्गुंडी आणून शेकायचं. पातळ काही द्यायचं नाही, असं बुवांनी बजावलेलं. जाऊबाई मान उचलून धरायच्या, दाट पेज पळीपळीने भरवायच्या.

हातापायाचं मला एवढं नव्हतं. बोलणं गेलं होतं. शब्द सगळे आत शिंक्यावर टांगलेले दिसायचे, हात पोचायचा नाही. बुवा म्हणायचे, एक आला तर बाकीचे येतील. आणि नाही आला तर, ते मात्र कधी बोलले नाहीत.

हे रोज दुपारी दफ्तरातून येऊन पायाशी बसायचे. चार माणसांत बायकोशी काय बोलणार? एक दिवस उठून निघाले, उपरणं खुंटीवरच. मी 'अहो' म्हणायला गेले आणि तोंडातून आलं ते त्यांचं नाव. सबंध, स्वच्छ. तीस वर्षांत मंगळागौरीच्या उखाण्याशिवाय जे घेतलं नव्हतं ते, भर पडवीत.

"अगं बाई, नवऱ्याचं नाव," सासूबाई पुटपुटल्या.

"घेऊ द्या," बुवा म्हणाले. "औषध आहे ते. दिवसातून तीनदा."

हे दारात उभे, कानापर्यंत लाल. मग परत येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "पुन्हा म्हण."

म्हटलं. त्या नावामागून पाणी आलं, मीठ आलं, नको आलं. चैत्रात काठी धरून पाऊल पडलं. आता तर इतकी बोलते की घरातले म्हणतात, जरा थांबा.

तुझं नाव मात्र अजून सापडत नाही गं. तू दिसतेस, हसतेस, तुझी नथसुद्धा दिसते, नाव तेवढं येत नाही. तू समोर बसलीस की येईल, असं मनात घेतलंय. वैशाख सरायच्या आत येऊन जा.