तांब्याच्या रंगाची पन्नी

रंध्याला बाईचा हात लागला की धार जाते, असं माझ्या सासरी मानत. लग्न होऊन मोहाडीला आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला ते बजावलं. पुढच्या अंगाला सुतारकामाचं दुकान, मागे आमचं बिऱ्हाड, आणि मधलं दार ओलांडायचं ते फक्त चहा द्यायला. मीही चहा देता देता सगळं बघून घ्यायची. माहेरी मी तोंडाची फटकळ म्हणून प्रसिद्ध होते. इथे मात्र सासऱ्यांशी, म्हणजे मामाजींशी, थेट बोलायची सोयच नव्हती. डोक्यावर पदर घ्यायचा आणि जे काही असेल ते सासूबाईंना सांगायचं, मग मामाजी समोरच बसलेले का असेनात. तेसुद्धा माझ्याशी असेच सासूबाईंमार्फत बोलत.

ऐंशीच्या सुमारास नागपूरहून नवीच फॅशन आली. शोकेस म्हणा, दिवाण म्हणा, दुकानाची भिंत म्हणा, सगळं धातूचं दिसायला हवं. आत साधं प्लायवुड आणि वर पितळेच्या नाहीतर तांब्याच्या रंगाची पातळ पन्नी. मामाजींना हा प्रकार बिलकुल पटला नव्हता. "लाकडाले आता लाकडाची लाज वाटून राहिली का?" असं ते कुणालाही विचारायचे. मला मात्र ती पन्नी फार आवडली. उन्हात धरली की हात तांबडे दिसायचे.

मग लाखांदूरच्या एका कापड दुकानदाराने गादीमागच्या अख्ख्या भिंतीचं काम दिलं. पहिल्या फळीवर मामाजी आणि हे, दोघा बापलेकांनी मिळून पन्नी टाकली. दोन टोकांनी दाबत दोघे मध्ये आले आणि मध्ये आला भला मोठा फुगा. फुगा दाबायला गेले तर सुरकुती. दुसऱ्या फळीला मामाजींनी वजन द्यायचं ठरवलं. प्लायवुड चिकटवताना ठेवायचे तशी धानाची पोती तिच्यावर रचून ठेवली. सकाळी पोती उतरवली तर तांब्यावर तरटाची सगळी वीण उमटलेली, आणि अधेमधे धानाचे दाणेसुद्धा. मला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून मी आत पळाले.

हसून झाल्यावर डोकं चालायला लागलं. आमच्याकडे पालथ्या मडक्यावर लांब रोटी करतात. सैल कणीक हातांवर खेळवत कोपरापर्यंत ताणायची आणि तापल्या मडक्यावर एका कडेने टेकवत बाकीची सोडत जायची. दोन्ही टोकं एकदम टेकवली की चुणी पडलीच म्हणून समजा. आईने मला हे ओरडून ओरडून शिकवलं होतं. पन्नीलाही तेच हवं होतं, आणि हे दोघे तिला लाकडासारखी दाबत बसले होते.

मामाजींना ऐकू जाईल अशा आवाजात मी सासूबाईंना म्हटलं, "त्याईले सांगा, पन्नी मी लावून पाहते."

"तिले सांगून दे," मामाजी भिंतीकडे बघून म्हणाले, "आपल्या घरी अवजाराले बाईचा हात चालत नाई."

"मंग त्याईले इचारा, याच्यात अवजार कोनतं हाये? ना रंधा, ना करवत. नुसते हात तर लागतात."

यावर कुणी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. मला तेवढं पुरलं. पदर खोचला आणि मधलं दार ओलांडलं. यांनी दुसरं टोक वर धरलं, मी तळहाताने हवा पुढे सरकवत गेले आणि पन्नी गुळगुळीत बसली. मामाजींनी तिच्यावरून नख फिरवून पाहिलं, मग तंबाखू चोळत बाहेर निघून गेले. उरलेल्या सगळ्या फळ्यांची पन्नी मीच लावली.

भिंत बसवून दोघे लाखांदूरहून परत आले. तिथे दुकानदाराने विचारलं होतं, एवढं सफाईचं काम कुणी केलं? मामाजी म्हणाले, माझ्या पोरानं. यांनी मला हे सांगितलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला हारतुरे नको होते. पण माझ्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर कायले?

उन्हाळ्यात दुकानदाराचा निरोप आला. दोन फळ्यांची पन्नी कडेने सुटली होती, ज्याने लावली त्यालाच पाठवा. मामाजींनी सासूबाईंमार्फत तोड सुचवली, की फळ्या उतरवून घरी आणू, सुनेनं इथंच पन्नी बदलावी, पोरगा नेऊन बसवेल.

"त्याईले सांगा, फळ्या आनायच्या नाईत," मी म्हटलं. "मीच येते लाखांदूरले. दुकान चालू असतानाच लावीन, सगळ्याईसमोर. नाई तर आपल्या पोराले पाठवा."

पोरगा तिथेच होता. "मले नाई येत ते, बाबा," हे म्हणाले. "तिलेच येते."

त्यानंतर दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. सासूबाईंचा चेहरा बघून मला वाईट वाटायचं, पण मी माघार घेणार नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "चपला घाल. ते स्टँडवर गेले."

भंडाऱ्याला एसटी बदलून मामाजी आणि मी लाखांदूरला उतरलो. लग्नसराईची गर्दी होती, बायका लुगड्यांचे ढीग उपसत बसल्या होत्या.

"मिस्त्री, पोरगा कुठं हाये?" दुकानदाराने विचारलं.

"नाई आला," मामाजी म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे वळला. "आन् बाईले काय दाखवू?"

मी गाठोडं सोडलं, सुटलेली पन्नी सोलून काढली, फळी पुसली आणि तिला गोंद लावला. बायकांचे हात लुगड्यांवरच थांबले. नवी पन्नी उलगडून मी एक कड उचलली. दुसरी धरायला कुणीतरी हवं होतं. मामाजी दाराशी उभे होते. त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली, माझ्याजवळ आले आणि सगळ्यांच्या देखत मला विचारलं,

"कोनत्या बाजूनं धरू, बाई?"

"डावीकडून," मी म्हटलं. "आन् मी सांगतल्याबिगर सोडू नका."