पाद्रीबुवांचा पूर्वपक्ष

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आधी पाट्या आल्या, मग साहेब आले. पाणी काही आलं नाही. भाड्याच्या घरांवर कचेऱ्यांची नावं लागली, रंग वाळायच्या आत लोक अर्ज घेऊन ओळीत उभे राहिले, आणि त्याच सुमारास पावसानं लागोपाठ पाठ फिरवली. मी नांदेडची. लातूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला म्हणून आले होते. वय कोवळं होतं. जीभ मात्र तेव्हाही अशीच होती.

दर रविवारी आमचा मार्क्सवादाचा अभ्यासवर्ग भरे, गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका आडत दुकानाच्या माडीवर. खाली तुरीची पोती, वर क्रांती. वर्ग चालवायचे ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, त्यांना सगळे नुसतं सर म्हणत. दुकान होतं त्याच्या वडिलांचं. तो म्हणजे ज्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं तो. लिंगायत आडत्याचा मुलगा, पण गल्ल्यावर न बसता नव्या कलेक्टर कचेरीत टंचाई शाखेत लागला होता. कुठल्या गावाला टँकर जायचा त्याचे कागद त्याच्या टेबलावरून पुढं सरकत, किंवा सरकत नसत. दिसायला देखणा, बोलायला त्याहून देखणा. मी त्याच्यावर भाळले होते हे सरळ सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आमचं लग्न हे वर्गाचं सगळ्यात मोठं यश आहे, असं सर चारचौघांत सांगत. जणू बोहल्यावर तेच चढणार होते. अडलं होतं एकाच गोष्टीवर. नोंदणी झाल्यावर माझ्या आईला पाच मिनिटं बुद्धवंदना हवी होती. आई लोह्याच्या जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापिका होती, वडील नव्हते, मी एकुलती एक. तिनं माझ्यासाठी पांढरी साडी घेऊन ठेवली होती. तो म्हणायचा, धर्म बाजूला ठेवून लग्न करायचं ठरलंय, मग हे मधेच कशाला? वंदना नसेल तर आई येणार नव्हती आणि आईशिवाय मी उभी राहणार नव्हते. सही करायचा दिवस जवळ येत चालला होता.

त्या उन्हाळ्यात माडीवर भांडी विसळायला पाणी नसे. कोपऱ्यात माठ, त्यावर एक स्टीलचा पेला, आणि सगळ्यांनी वरून प्यायचं, तोंड लावायचं नाही, असा नियम होता. मला ते फार आवडलं होतं. माझ्या आजोबांना गावात ओंजळ धरून वाकावं लागे, वरून कुणी ओतेल तेवढंच पाणी. इथं आडत्याचा मुलगाही मान मागं टाकून वरूनच पितोय म्हटल्यावर मी एकदा वर्गात म्हणाले, "क्रांतीला जमलं नाही ते दुष्काळानं करून दाखवलं." सर मनापासून हसले. ते स्वतः पाणी पीत नसत, चहाच घेत.

मान मागं टाकली की गळा उघडा पडतो. त्याच्या शर्टाच्या आत दोरा होता आणि दोऱ्याला लिंगाची छोटी चांदीची डबी. मी पहिल्या महिन्यातच पाहिली होती. म्हटलं असेल, आपल्याला काय.

आमच्या वर्गाची एक रीत होती. ज्याचं मत हाणून पाडायचं त्याची बाजू एकानं मांडायची, तीही 'मी, मी' म्हणत, तो माणूस आपणच आहोत अशी. याला पूर्वपक्ष म्हणायचं. मग दुसऱ्यानं उठून त्याची सालटी काढायची आणि शेवटी सगळ्यांनी हात वर करून निकाल द्यायचा. पूर्वपक्ष जिंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एकाला मागं सावकाराची बाजू मांडायला लावली होती, तर लोक त्या गरीब जिवाला पुढं वर्षभर शेटजी म्हणत राहिले. बिचारा तोही हसत असे. नंतर यायचा बंद झाला, आणि कुणी विचारलंही नाही.

एका रविवारी सरांनी औरंगाबादहून एका अमेरिकन लेखाच्या झेरॉक्स प्रती आणल्या. लिहिणारा काळा माणूस, चर्चमध्ये वाढलेला, देवावर उघड विश्वास ठेवणारा आणि तरी स्वतःला मार्क्सवादाचा म्हणवणारा. सरांच्या कपाळावर आठी होती. लेख इंग्रजीत म्हणून पूर्वपक्ष माझ्याकडं आला. उत्तरपक्ष त्यांनी त्याच्याकडं दिला. नवराबायकोची रंगीत तालीम होऊन जाऊ दे, म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

आठवडाभर कंदिलाजवळ बसून मी तो लेख वाचला. पहिल्या दिवशी मीही नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी मुरडायचं विसरले. तो माणूस म्हणत होता की मार्क्सवादाच्या पायाखाली कायमचा खडक नाही, कुणाच्याच पायाखाली नसतो. माणसं आपापल्या काळात, एकमेकांच्या संगतीनं खरंखोटं ठरवत जातात. म्हणून विचाराची पूजा करू नका, तो वापरून बघा. सगळ्यात खाली दबलेल्या माणसाचं दुःख त्यानं हलतं का, एवढंच विचारा. आणि धर्मालाही तेच विचारा. जो झोपवतो तो फेकून द्या, जो उठवून उभा करतो त्याला अफू म्हणू नका. हे वाचताना मला राग आला, कारण हे मला सुचायला हवं होतं.

रविवारी मी उभी राहिले. "मी काळा आहे," मी म्हणाले, "माझी आजी गुलामांची नात. तिला का मारतात ते मार्क्सवाद सांगतो. मार खाऊन दुसऱ्या दिवशी ती उठली कशी, ते तो सांगत नाही." मी चांगलं बोलत होते, मला ते कळत होतं.

मग तो उठला. "पाद्रीबुवा," त्यानं सुरुवात केली आणि हशा पिकला. "उपयोग होतो म्हणून खरं, असंच ना? मग टंचाई शाखेत या. रोज लोक येतात, देवीला नारळ फोडला म्हणून टँकर आला सांगतात. त्यांच्यासाठी नारळ खरा?"

"टँकर तुमच्या सहीनं आला हे त्यांना कळलं की नारळ आपोआप सुटेल," मी म्हणाले. "वापरून बघा म्हणजे डोळे मिटून बघा असं नाही. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून गावात शिळी भाकर मागायला जाणं बंद केलं. घरात दाणा नव्हता. पोरं उपाशी झोपली, पण कुणी गेलं नाही. अफू खाऊन माणूस असं करतो का?"

आजोबांचं बोलून गेले तेव्हा मी त्या काळ्या माणसाची भूमिका सोडून अमेरिकेतून कधीच परत आले होते. त्यानं ते बरोबर पकडलं.

"पाद्रीबुवांचं लग्न ठरलंय म्हणे," तो सगळ्यांकडं बघत म्हणाला. "लग्नात प्रार्थना होणार का, बुवा?"

हशा आधीपेक्षा मोठा झाला. आमच्या दोघांतली गोष्ट त्यानं पोत्यासारखी लिलावात मांडली. माझे कान तापले. आई मला डोळ्यांपुढं दिसली, साडी पुन्हा पुन्हा घडी करून ठेवणारी.

"होणार," मी म्हणाले. "आता उत्तरपक्षाच्या वकीलसाहेबांनी शर्टाचं वरचं बटण उघडावं."

त्याचा हात गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"ते आईसाठी आहे," तो हळू म्हणाला. "तिला बरं वाटतं. कुणाचं काही बिघडत नाही त्यानं."

"म्हणजे उपयोगी पडतं म्हणून ठेवलंय. मग हा काळा माणूस आठवडाभर दुसरं काय सांगतोय? तुमच्या आईला बरं वाटलं तर ती माया, माझ्या आईला बरं वाटलं तर ती अफू?"

मी जिंकले होते. माडीवरच्या प्रत्येकाला ते कळलं होतं, म्हणूनच सगळे सरांकडं बघायला लागले. सरांनी चहाची बशी खाली ठेवली.

"फरक आहे, बाई," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याची सवय आहे. तुमची श्रद्धा आहे. सवय हळूहळू गळून पडते. श्रद्धा मुळं धरते. म्हणून तुमचीच जास्त काळजी वाटते."

एवढं गोड वाक्य मी आयुष्यात पुन्हा ऐकलं नाही. कुत्र्याला विष घालतात तेही गुळातूनच. निकालाला पूर्वपक्षाच्या विरोधात सगळे हात वर गेले. मी त्याच्या हाताकडं बघत होते. तो हात सगळ्यात शेवटी वर गेला, पण गेला. मग माठाकडं जाऊन तो वरून पाणी प्यायला आणि पेला माझ्यापुढं केला. मी घेतला नाही. जिन्यानं उतरताना मागून कुणीतरी म्हणालं, "पाद्रीबुवा, सांभाळून."

त्याच संध्याकाळी मी नांदेड गाठलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पाच मिन्टं अडवायला लई माणसं लागली गं त्यांना."

पुढच्या रविवारी तो आमच्या घरी आला. चेहरा उतरलेला, दाढी न केलेली. मला पाहून त्याचे डोळे भरले, आणि मी विरघळले हेही सांगून टाकते. त्यानं तोडगा आणला होता. वंदना होऊ दे, पण लग्नाच्या आदल्या दिवशी, इथं नांदेडात, घरातल्या घरात. लातूरला कुणाला सांगायचं नाही. सरांना तर नाहीच. मी आईकडं पाहिलं. एवढ्यावर तिनं हो म्हणावं, असं मला अगदी आतून वाटत होतं.

"बसा की," आई त्याला म्हणाली. "उन्हाचं आले. पानी घ्या आधी."

गोदावरीकाठी आमच्या नळाला रोज पाणी येई. आईनं काठोकाठ भरलेला पेला त्याच्या हातात दिला. त्यानं मान मागं टाकली आणि वरून ओतलं. निम्मं शर्टावर सांडलं. ओल्या कापडातून चांदीची डबी उठून दिसली.

"तोंड लावून प्या की," आई म्हणाली. "हितं पान्याची टंचाई न्हाई. भांडे घासायला बी लई पानी हाय."

"सवय झालीय, आई," तो हसून म्हणाला.

"हाव. सवय काय, हळूहळू गळून पडती म्हनं." आईनं त्याच्या हातातून पेला घेतला, पुन्हा भरला, ओठ लावून निम्मा स्वतः प्यायली आणि उरलेला त्याच्यापुढं स्टुलावर ठेवला. "घ्या. आज गळून पडू द्या. मग वंदना कुठं बी करा, न्हाईतर करूच नका. माझं काही म्हननं न्हाई."

तिनं वंदना सोडली होती. मी जिच्यासाठी सगळ्या माडीशी भांडले ती वंदना तिनं एका घोटावर लावली. तो पेल्याकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि मनातल्या मनात म्हणत होते, उचल, मेल्या, उचल. पाणीच आहे.

त्यानं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "निघतो," म्हणाला, "लातूरची गाडी चुकेल."

नांदेडहून लातूरला तेव्हाही दिवसभर गाड्या होत्या.