लुगड्यात बांधलेला महिना

डोंबिवली पूर्वेला माझं पडद्यांचं दुकान आहे. सुरुवात केली तेव्हा गाळा नव्हता. खांद्यावर कापडाचे तागे टाकून सोसायट्यांचे जिने चढायचो आणि वॉचमनशी भांडून आत शिरायचो. आता गाळा स्वतःचा आहे, दोन शिवणयंत्रं चालतात आणि भांडायची सवय तेवढी राहिली आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे कापडाबद्दल जे लिहिलंय ते ऐकीव नाही, आणि भांडणाबद्दल जे लिहिलंय तेही नाही.

मुलगी सव्वा वर्षाची झाली आणि बायको परत कामावर रुजू झाली. ठाण्यात एका लॅबमध्ये ती रक्त तपासते. मुलीला दिवसभर सांभाळायचं कोणी, हा प्रश्न आमच्या घरात येण्याआधीच त्याचं उत्तर नौपाड्यात तयार होतं. माझ्या सासूबाई तिथे राहतात. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या, तीन खोल्यांचं घर. त्यांनी फोनवर सांगितलं, "सोमवार ते शनिवार माझ्याकडे राहू दे. रविवारी तुम्ही घेऊन जात जा."

म्हणजे माझी मुलगी मला आठवड्यातून एकदा, मंडपवाल्याकडून खुर्च्या आणाव्यात तशी आणायची आणि परत करायची. मी नाही म्हटलं.

नाही म्हणायला आणखी एक कारण होतं. ते मी बायकोला सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत होतं.

मुलीच्या नामकरणाला माझी आई खडवलीहून आलेली. माझी आई तरुणपणी इमारतींच्या कामावर विटा वाहायची आणि मी तिच्या पाठीला बांधलेला असायचो. त्या दिवशी भंतेजींची वंदना चालू असताना मुलीने जो सूर लावला तो थांबेना. आईने पिशवीतून जुनं सुती लुगडं काढलं, दुहेरी केलं, नात छातीशी धरली आणि दोन फेरे मारून गाठ घातली. वंदना संपायच्या आत मुलगी झोपली. सासूबाई शेजारच्या बाईंना म्हणाल्या, "हे असं बांधून हिंडायला आपण काय खडी फोडायला निघालोय?"

हळू म्हणाल्या, पण शाळेतल्या बाईंचं हळू म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत जाणारं. आईने ऐकलं. ती हसली आणि खीर वाढायला गेली. मी हसलो नाही. त्या दिवशी सासूबाईंच्या हातात कोणती वाटी होती हेसुद्धा मला आजही सांगता येईल.

तर बायको म्हणाली, "ठीक आहे. एक महिना ती तुझ्याबरोबर दुकानात. पण एक अट आहे. ती अंगावर असताना आवाज चढवायचा नाही. एकदा जरी चढला, तर सोमवारी ती नौपाड्याला."

या अटीमागे स्टेशनबाहेरचा एक रिक्षावाला होता. त्याच्याशी मी मुलीला कडेवर घेऊन भांडलेलो, आणि ती घरी पोचेपर्यंत हुंदके देत होती. चूक रिक्षावाल्याची होती. ते बायको आजही मान्य करत नाही.

"तुला कळणार कसं, मी आवाज चढवला की नाही ते?"

"मास्टर सांगतील," ती म्हणाली. मास्टर म्हणजे माझ्या दुकानातले शिंपी. सात वर्षं माझा पगार घेतात आणि तिच्या बाजूने असतात.

बाळ अंगावर घ्यायचं एक साधन बायकोने ऑनलाइन मागवलेलं. खोक्यातून निघालं ते बघून मला वाटलं, हे घालून विमानातून उडी मारायची असते. पट्टे, बकला, आत फोम. किंमत बघितली आणि कापड चिमटीत धरून बघितलं. "एवढ्यात मी अख्ख्या हॉलचे पडदे शिवून लावून देतो, वर रॉड फुकट," मी म्हटलं आणि खोकं परत पाठवलं. मोबाइलमध्ये मी एक प्रकार बघितलेला. लांब कापड, एका टोकाला दोन कड्या, कड्यांतून कापड ओढून घ्यायचं की झालं. कापडाला मला कमी नाही आणि कड्या तर दुकानात पोत्याने आहेत. पडद्याच्या.

रात्रीत शिवून काढलं. सोफ्याचं जाड कापड, दुहेरी शिलाई. सकाळी बायको म्हणाली, "आधी तांदूळ ठेवून बघ." दहा किलोची पिशवी मी झोळीत ठेवली, ऐटीत स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत चाललो आणि वळताना कडी मोडली. पडद्याची कडी पडदा धरण्यासाठी असते, हे मला, पडदेवाल्याला, तांदळाने सांगितलं. पुढचा आठवडाभर सोफ्याखालून तांदूळ निघत होता. मुलगी त्यात बसून टाळ्या वाजवत होती. बायकोने केरसुणी माझ्या हातात दिली.

रविवारी मी मुलीला घेऊन खडवलीला गेलो. आईने तेच लुगडं काढलं आणि मला समोर उभं केलं.

"तिचं तोंड तुला दिसलं पाहिजे. नाक मोकळं पाहिजे. गुडघे ढुंगणाच्या वर. आणि गाठ अशी घाल की तुला सोडता आली पाहिजे, तिला नाही."

मी चार वेळा चुकलो. पाचव्या वेळी मुलीने माझ्या छातीवर गाल टेकला आणि एक मोठा श्वास सोडला. आई म्हणाली, "जमलं. आता विटा उचल." आणि स्वतःच खूप वेळ हसली.

सोमवारी खरी परीक्षा होती. कल्याणच्या घाऊक कापडवाल्याकडे माझी बारा वर्षांची ये-जा आहे आणि बारा वर्षांत आम्ही एकदाही नीट आवाजात बोललेलो नाही. तो भाव सांगतो, मी उठतो, तो हात धरतो, मी त्याच्या बापापर्यंत जातो, तो चहा मागवतो. त्या दिवशी मी दुकानात शिरलो ते छातीवर झोपलेलं मूल घेऊन. मागे मास्टर, साक्षीदारासारखे.

शेठने अस्तराचा भाव सांगितला. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी वाकलो आणि त्याच्या कानाशी म्हटलं, "हा भाव सांगायला लाज वाटत नाही का तुला?"

इतक्या हळू कोणी लाज काढली की माणसाला काय करावं कळत नाही. तो इकडे तिकडे बघायला लागला. "काय झालंय?" तोही कुजबुजला.

"झोपलीय. उठली तर तूच झोपव."

"अरे, मग नंतर ये ना."

"नंतर नाही. आत्ताच. आणि मागच्या वेळच्या ताग्यात कापड कमी भरलेलं."

"कमी? माझ्याकडचं?"

"हळू."

त्याने ओरडायला उघडलेलं तोंड मिटलं. त्याचा जोर सगळा आवाजात होता, आणि माझाही. आवाज काढून घेतल्यावर नुसता भाव उरला, आणि नुसता भाव त्याला पेलेना. त्याची माणसं तागे उचलून चवड्यांवर चालायला लागली. एक गिऱ्हाईक बाई दारातच थबकल्या, आमचे चेहरे बघून चप्पल काढली आणि मास्टरांना विचारलं, "कोण गेलं?"

मास्टर म्हणाले, "भाव गेला."

मला पाहिजे होता त्याच्याहून खाली भाव मिळाला. निघताना शेठ म्हणाला, "पुढच्या वेळी एकटा ये, भाऊ. माणसासारखं भांडू."

महिना असा चालला. माजिवड्याच्या टॉवरांमध्ये मी खिडक्यांची मापं घ्यायला जायचो तेव्हा मुलगी जागी असायची. टेपचं टोक तिच्या मुठीत द्यायचो. ती ते सोडायची, पट्टी सर्रकन आत जायची आणि ती अशी हसायची की चौदाव्या मजल्यावरची बाई रंग ठरवायचं सोडून तिच्याकडे बघत बसायची. लोक बघायचे, नाही असं नाही. सोसायटीच्या गेटवर दोन पोरं म्हणाली, "काका, कांगारू." मी थांबलो. मास्टर घसा खाकरले. मी चालायला लागलो. दुपारी दुकानात ती माझ्या छातीवर झोपायची आणि मी उभ्याने कापड फाडायचो. कापड फाडण्याच्या आवाजाने ती कधी उठली नाही. माझ्या श्वासाचा वेग वाढला की मात्र उठायची. मी चिडणार आहे हे मला कळायच्या आधी तिला कळायचं.

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा नौपाड्यातून फोन आला.

"माझ्या बेडरूमच्या पडद्यांचा रंग उडालाय. जावईबापू, वेळ असेल तर मापं घेऊन जा. मुलीलाही आणा."

मी ओळखलं. घरात बोलावणार, मला चिडवणार, मी आवाज चढवणार. महिनाभर सांभाळलेलं तीन मिनिटांत जाणार. मी वाटेत ठरवून गेलो की तोंड उघडायचंच नाही.

दार उघडल्यावर त्यांनी आधी लुगड्याकडे बघितलं. "अजून तेच?"

मी मान हलवली. गाठ सोडून मुलगी त्यांच्याकडे दिली. तिचे दात येत होते, सकाळपासून किरकिर चालू होती. त्यांनी खुळखुळा वाजवला, खिडकीतले कावळे दाखवले, खांद्यावर थोपटलं, कविता म्हटल्या. सदतीस वर्षं वर्ग गप्प बसवलेल्या बाई एका मुलीच्या वर्गापुढे हरत होत्या. अर्ध्या तासाने त्यांचा घाम निथळत होता आणि मुलीचा आवाज खालच्या वाण्यापर्यंत जात होता.

"घ्या," त्या म्हणाल्या. मी हात पुढे केले. त्यांनी मुलगी दिली नाही. "तिला नाही. ते घ्या. ते बांधा मला."

आता माल माझ्या हातात होता आणि गरज समोरच्याची होती. असा सौदा मी आयुष्यात सोडलेला नाही. मी लुगडं हातात धरून उभा राहिलो.

"खडी फोडायला निघालात का, मम्मी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काय ते त्यांना लगेच समजलं. मुलगी रडतच होती.

"बांधा आधी," त्या म्हणाल्या. "मग बोला."

मी बांधलं. तोंड दिसेल असं, नाक मोकळं, गुडघे वर. त्या पलंगाच्या कडेला बसून डुलायला लागल्या. थोड्या वेळाने खोलीत फक्त पंख्याचा आवाज राहिला.

त्या कुजबुजत म्हणाल्या, "माझी आई मला असंच बांधून रस्त्याच्या कामावर जायची. डांबराचा वास अजून आठवतो. मी शिकले, नोकरी केली, मुलींना इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत कुणाला कधी कळू दिलं नाही. आणि तुम्ही हौसेने परत तेच बांधलंत."

"बोललात माझ्या आईला."

"तुमच्या आईला नाही बोलले."

"ऐकलं तिने."

त्या मुलीच्या पाठीवर थोपटत राहिल्या. मला खरं तर आणखी बरंच बोलायचं होतं, सव्वा वर्ष पाठ करून ठेवलेलं. पण मुलगी झोपलेली, आणि कुजबुजत ते सगळं बोलून बघितलं असतं तर मलाच हसू आलं असतं. मी टेप काढून खिडकीकडे वळलो. पडदा हातात घेतला. मीच शिवलेला. रंग जसाच्या तसा.

"मम्मी, रंग कुठे उडालाय?"

"उन्हात दिसतो."

"खिडकी उत्तरेला आहे. इथे ऊन येतच नाही."

त्यांनी डोळे मिटून घेतले, झोप लागल्यासारखे. मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "आठवड्याचे पाच दिवस."

"एकही नाही."

"चार. दिवसाचे फक्त. संध्याकाळी घेऊन जा."

"महिन्यातून एकदा."

"मी विहीणबाईंना फोन करते. ही गाठ मला शिकवा म्हणून. मी स्वतः खडवलीला जाते."

मी टेप बंद केली. बारा वर्षांत कल्याणच्या शेठने असा भाव कधी पुढे केला नव्हता. "मंगळवार," मी म्हटलं.

"मंगळवार आणि शुक्रवार."

"रात्री मुक्काम नाही."

"लुगडं इथे राहील."

"लुगडं माझ्या आईचं आहे. ते तिच्याकडून मागा."

मुलीने झोपेत ओठ हलवले. आम्ही दोघंही श्वास धरून थांबलो. ती परत स्थिर झाली तेव्हा सासूबाईंनी बोटाने मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "माझा पाय आखडलाय. पण उठवू नका तिला. फोन द्या माझा, आणि तुमच्या आईंचा नंबर लावून द्या."

मी नंबर लावून दिला. पलीकडून आईचा नेहमीचा मोठा आवाज आला. सासूबाई कुजबुजत म्हणाल्या, "ताई, जयभीम. जरा हळू बोला. तुमच्या लुगड्यात आहे मी."

आई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंना हसू फुटलं, आणि मुलगी उठू नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा तोंडावर धरला.