दातांतली नोट

सिराज वर्गात तिसऱ्या बाकावर बसून बोटांनी बाक वाजवायचा. मी त्याला कधी बाहेर काढलं नाही, कारण त्याचा ताल चुकत नसे. नाना पेठेत त्याच्या वडिलांचा, मैनुद्दीनभाईंचा लग्नाचा बँड होता. सुट्टीत सिराज लाल कोट घालून वरातीत ड्रम वाजवी.

एक्क्याऐंशी साली कॉलेजात गेल्यावर त्यानं जुन्या बाजारातून मोडकी गिटार आणली, स्वतःच दुरुस्त केली आणि अनंतच्या रॉक बँडमध्ये शिरला. कर्वेनगरात अनंतच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये सराव चाले. सगळ्यांत चांगलं सिराजच वाजवी, पण त्याला मागे उभं करत. "पुढे उभं राहायला जरा घराणं लागतं," अनंत म्हणे. घरचं कापडाचं दुकान आहे, असं सिराजनं त्यांना सांगितलेलं. जानेवारीच्या स्पर्धेत एक गाणं तरी पुढे उभं राहून वाजवायचं, एवढंच त्याला हवं होतं. हे तो मला घरी येऊन सांगून गेला.

डिसेंबरात अनंतच्या भावाचं लग्न झालं. वरातीला बँड आला तो मैनुद्दीनभाईंचा. ड्रमवाला तापानं पडला होता, त्यामुळे सिराजची सुटका झाली नाही.

"काय सिराजशेठ," अनंत म्हणाला, "दुकान आज रस्त्यावर मांडलंत का?"

मग तो दातांत दहाची नोट धरून गुडघ्यांवर बसला. वाजवणाऱ्यानं ताल न सोडता वाकून ती दातांनीच घ्यायची, ही वरातीतली जुनी मजा. रॉक बँडची पोरं भोवती टाळ्या देत होती. सिराजनं वडिलांकडे पाहिलं.

मैनुद्दीनभाईंनी क्लॅरिनेट ओठांवरून काढली. "घे बेटा. गिऱ्हाईक आहे."

त्यानं घेतली.

दुसऱ्या दिवशी तो सरावाला गेलाच. "सर, तीनच आठवडे राहिलेत," मला म्हणाला. अनंतनं त्याला पुढची जागा दिली होती. नोटेच्या त्या खेळासकट.

स्पर्धेला मैनुद्दीनभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले. मुलाची गिटार ते पहिल्यांदाच ऐकत होते. सिराज पुढे आला आणि दोन मिनिटं त्यानं असं वाजवलं की सभागृहात कुणी खोकलंही नाही. तेवढ्यात अनंत माइकवर म्हणाला, "हा आमचा वरातवाला." आणि नोट दातांत धरून गुडघ्यांवर बसला.

सिराज वाकला. बोटं तारांवर चालूच होती. शिट्ट्यांनी सभागृह दणाणलं.

"ताल नाही सोडला," मैनुद्दीनभाई शर्टाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले. पहिलं बक्षीस जाहीर व्हायच्या आधीच ते उठून गेले.

पुढे प्रत्येक कॉलेजात नोटेचीच फर्माईश होऊ लागली. वर्षभरानं सिराजनं तो बँड सोडला आणि दुसऱ्यात गेला. पहिल्याच सरावाला त्यानं सांगून टाकलं, की तो नोटेचा प्रकार आपण करणार नाही.

ती पोरं एकमेकांकडे बघत राहिली. त्यातला एक सभ्यपणे म्हणाला, "अरे, मग तुला घेतलंय कशाला?"