इंजिनाचं तेल हुंगणारे काका

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये मी गॅरेजवाल्यांना चहा देते. एकदा तिथे एका गाडीचं इंजिन फुटलं, म्हणून बाहेरून एका म्हाताऱ्या मेकॅनिकला बोलावलं होतं. गाडी जास्त जोरात पळावी म्हणून गाडीवाल्याने हौसेने टर्बो बसवून घेतला होता. तो ओरडत होता, "या फिटरने चुकीचा बसवला. आधी याला कामावरून काढा!" फिटर मान खाली घालून उभा होता.

काकांना घाई नव्हती. त्यांनी चष्मा शर्टाला पुसून आणखी तेलकट केला. मी शिळी आमटी हुंगते, तसं बोटावर ऑइल घेऊन हुंगलं. टर्बोकडे पाहिलंही नाही. खालचा ऑइल चेंबर उघडून इंजिनाला जाणारं ऑइल गाळणारी जाळी काढली, तर ती लाल पेस्टच्या गुठळ्यांनी बुजलेली.

"चेंबर कुणी उघडला होता रे?"

"मीच. ऑइल गळत होतं," गाडीवाला म्हणाला. "व्हिडिओ बघून घरीच पेस्ट लावली. जरा जास्तच लावली."

"जरा? अरे, केकवर क्रीम थापतात तशी थापलीस! इंजिन ऑइल मागत होतं, तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास."

सगळे हसले. गाडीवालाही ओशाळून हसला. "चुकलं, काका."

काकांनी खांद्याला धरून त्याला फिटरकडे वळवलं. "मला काय सांगतोस? पोटावर पाय त्याच्या देत होतास."

पुढच्या गाळ्यातून चहासाठी हाका येत होत्या, पण गाडीवाल्याचं "सॉरी, दादा" ऐकल्याशिवाय माझा पाय निघाला नाही. काकांचं नाव विचारायला मात्र मी लाजले.