कोपरावरचं बोट

दोमितिला आर्रिएता साठी ओलांडलेली बाई, पण कामावर गेली की सहा वर्षांचं करडू व्हायची. परदेशी कार्टूनांना स्पॅनिश आवाज देणं हा मेक्सिको शहरातला जुना धंदा, आणि दोमितिला त्यातली मुरलेली. करडाचं नाव तिनचो. त्याचा दाढीवाला आजोबा, म्हणजे बोकड डॉन बार्बास, फाउस्तो ओलिवेराच्या आवाजात बोलायचा. अर्ध्या शहराचं लहानपण या दोघांना ऐकत गेलं, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला त्यांची ओळख कधी पटली नाही. त्याचं दोघांनाही कधी काही वाटलं नाही.

पूर्वी एकाच मायक्रोफोनपुढे चार-पाच जणं दाटीवाटीनं उभी राहायची. मध्ये हूं की चूं करायची सोय नाही. म्हणून फाउस्तोनं एक रीत पाडली होती. आपलं वाक्य संपलं की शेजारच्याच्या कोपराला बोट लावायचं, म्हणजे आता तुझी पाळी. हळूहळू सगळ्या स्टुडिओनं ती उचलली. विनोदी मालिकांमध्ये तर मजाच असायची. मागचा रेकॉर्ड केलेला हशा ठरल्या जागी यायचाच, मग परदेशी विनोद इथं कुणाला कळो न कळो. हशा फुकट जाऊ नये म्हणून फाउस्तो त्या जागी आपल्या गल्लीतला, मक्याचे वाफवलेले तामाल विकणारा फेरीवाला घुसवायचा, नाहीतर स्वतःची सासू. सासू ते ऐकून रुसायची आणि पुढचा भाग मात्र चुकवायची नाही.

मग सगळंच पालटलं. विनोदी मालिकांतला हशा गेला. आता माणसं विनोद झाल्यावर लांब तोंड करून कॅमेऱ्याकडे बघतात, आणि तोच म्हणे विनोद. कार्टूनं शिव्या देतात, दारू पितात, जगण्यात अर्थ नाही म्हणून रडतात. ज्या कामात चेहरा दिसतच नाही, त्यासाठी देखणे नट आणतात. आणि आवाज देणाऱ्यानं काचेच्या खोलीत एकट्यानं उभं राहायचं. बाकीच्यांचे आवाज कानावरच्या यंत्रातून ऐकायचे. दोमितिला म्हणायची, "हे म्हणजे भिंतीशी भांडण्यासारखं झालं."

तरी तिनचो आणि आजोबा टिकून होते. मग फाउस्तोला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दोमितिला त्याला एकदा दवाखान्यात बघून आली. तो तोंड उघडत होता आणि आत काहीच नव्हतं. पुन्हा जायचं तिला धाडस झालं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत अर्धं वर्ष गेलं.

आणि एका मंगळवारी, काचेच्या खोलीत, तिच्या कानात डॉन बार्बास बोलला. "ये रे शेळपट, पुन्हा टोपी खाल्लीस ना माझी?"

तोच खरखरीत आवाज, शेवटी तीच छोटीशी खाकर. दोमितिलाचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. तिनचोचं वाक्य तीनदा चुकलं. बाहेर आल्यावर तिनं यंत्रावर बसलेल्या उलिसेसला विचारलं, "फाउस्तो येऊन गेला?"

"त्यांचं सगळं आधीच झालंय, दोमीबाई," तो यंत्रातून मान वर न काढता म्हणाला.

एवढं तिला पुरलं. आपण सगळे असंच एकटं येऊन, आपलं बोलून, एकमेकांना न भेटता जातो; फाउस्तोही आला असेल. बरा झाला आणि मला कळवलं नाही मेल्यानं! तिनं गोड पावांची पुडी घेतली, त्याला आवडतात ते साखरेच्या सालीचे, आणि थेट पोर्तालेस वस्तीतलं त्याचं घर गाठलं.

दार फाउस्तोच्या मुलीनं उघडलं. ग्रासिएलाला बाप्तिस्म्याच्या वेळी दोमितिलानंच हातावर घेतलं होतं, म्हणून ती तिला माद्रिना, म्हणजे धर्माची आई, म्हणायची.

"कुठाय तो लबाड? आज ऐकलं मी त्याला. आवाज तर दहा वर्षांनी तरुण झालाय."

ग्रासिएलाचा चेहरा उतरला. "माद्रिना, ते जुन्या भागांतनं जोडलंय. यंत्रानं. स्टुडिओवाल्यांनी विचारलं, मी हो म्हटलं. म्हटलं, बाबांचा आवाज तरी राहील."

दोमितिलाच्या हातातली पुडी तशीच राहिली.

आत फाउस्तो खुर्चीत बसला होता, मांडीवर गोधडी. समोर टीव्हीवर मालिकेचा जुना भाग, तोच बोकड, तेच करडू. बोकड बोलत होता आणि फाउस्तोचे ओठ हलत होते.

"बघितलंत?" ग्रासिएला हळूच म्हणाली. "टीव्ही लावला की बाबा त्याच्याबरोबर बोलायला बघतात. एरवी नुसते बसून असतात. म्हणून मी दिवसभर लावूनच ठेवते."

दोमितिला त्याच्या शेजारी स्टुलावर बसली आणि सवयीनं ओठांकडे बघू लागली. दुसऱ्याच्या हलत्या तोंडात शब्द बसवण्यात तिचा जन्म गेला होता. ब, म, प म्हणताना ओठ मिटतात. ते चुकलं की सगळं चुकतं. बोकडाचं वाक्य लांबलचक होतं. फाउस्तोचे ओठ मात्र एकदाच मिटत होते आणि उघडत होते. पुन्हा तेवढंच. पुन्हा तेवढंच. तो बोकडाबरोबर बोलत नव्हता.

बंद कर. बंद कर.

मग त्याचा डावा हात गोधडीखालून सरकत आला आणि एक बोट तिच्या कोपराला टेकलं.

"ग्रासिएला," दोमितिला म्हणाली, "तो बंद कर म्हणतोय, पोरी. ऐकवत नाहीये त्याला."

"असं कसं, माद्रिना? मी रोज बघते ना. डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या, आनंदानं."

"आनंदानं नाही गं."

"तुम्ही आज आलात." ग्रासिएलाचा आवाज कापू लागला. "सहा महिने मीच भरवते, मीच धुते. ते खूश होतात असं हे एकच उरलंय माझ्याकडे. तेही काढून घेता?"

ग्रासिएला डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली; जाता जाता, बापाला नीट ऐकू यावं म्हणून तिनं आवाज थोडा वाढवला.

टीव्हीचं बटण हाताच्या अंतरावर होतं. आज दाबलं तरी उद्या सकाळी पोरगी पुन्हा लावणार, आणि पुढच्या मंगळवारी आपणच काचेच्या खोलीत उभं राहून त्या जोडलेल्या आवाजाला उत्तर देणार, हे दोमितिलाला ठाऊक होतं. ते काम सोडलं तरी तिच्या करडाचे जुने तुकडे यंत्रात आहेतच, तेही जोडून घेतील.

पडद्यावर तिनचो तिच्याच आवाजात लाडानं म्हणाला, "आजोबा, आणखी बोला ना."

बोकड पुन्हा बोलू लागला. फाउस्तोचं बोट पुन्हा तिच्या कोपराला टेकलं आणि तसंच राहिलं. तुझी पाळी. दोमितिलानं आयुष्यात एकही पाळी चुकवली नव्हती. ती खाली बघत, पुडीची दोरी बोटाला गुंडाळत गप्प बसून राहिली.