नीमाने पोह्याच्या दुकानावर पाहिलेली निवडणूक

भिया लोक, आज सकाळी मजाच आली!

आमच्या वरच्या खोलीत राहणारी नीमा टांझानियाहून इथे राज्यशास्त्र शिकायला आली आहे. तिला अन्नपूर्णा मंदिराजवळ पोहे खायला नेलं. तिथे आमचे जोशीकाका आणि त्यांचे दोस्त शर्माजी निवडणुकीत आपापल्या पक्षावरून असे भिडले, की नीमा घाबरलीच. “आंटी, पुलिस बुलाएँ?”

“अरे नहीं बेटा, तू जलेबी खा.”

भांडता भांडता शर्माजींनी काकांच्या प्लेटमधली जलेबी उचलली. काकांनी त्यांच्या पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला. मग दोघं एकाच स्कूटरवर घरी निघाले. मागे बसलेले शर्माजी अजून ओरडतच होते!

नीमाने वही काढली. “आंटी, जीता कौन?”

मी लांब जाणाऱ्या स्कूटरकडे बोट दाखवलं.

तुमच्या स्कूटरवर मागे बसतं का हो कोणी, ज्याला तुमचा पक्ष अजिबात आवडत नाही?